ढगावरचं इस्पितळ : तोलेदोच्या वाटा

स्पेनमधल्या तोलेदो शहरात, एल ग्रेको संग्रहालयात, १६१०च्या आसपासचं एक तैलचित्र आहे. मागे टेकडीवर शहर पसरलेलं, पुढे उजवीकडे एक तरुण त्याच शहराचा भलामोठा नकाशा उलगडून उभा. आणि मधोमध एक इमारत चक्क ढगावर ठेवलेली. ती इमारत म्हणजे कार्डिनल तावेरा यांचं इस्पितळ. प्रत्यक्षात ते वेशीबाहेर जमिनीवरच उभं होतं, आजही आहे. ते का उचललं, याचा खुलासा चित्रकाराने नकाशाच्या बाजूला स्वतःच लिहून ठेवला आहे. जागच्या जागी काढलं असतं तर बिसाग्रा वेस झाकली गेली असती आणि घुमट शहराच्या डोक्यावर आला असता. शिवाय त्याला इस्पितळाची दर्शनी बाजू दाखवायची होती. ते खरं कुठे आहे हे ज्याला हवं असेल त्याने नकाशात शोधावं!

जुन्या शहरांतून विषयवार पायी फिरण्याच्या ज्या वाटा आखल्या जातात, त्यांचं कामही असंच चालतं. चित्रकाराची वाट, यहुद्यांची वाट, इस्लामी तोलेदो, जमिनीखालचं तोलेदो, दंतकथांची रात्रफेरी. प्रत्येक वाट एक धागा धरते आणि आड येणारं बाकीचं शहर उचलून बाजूला ठेवते. यात फसवणूक काही नाही. तीन हजार गोष्टी एकदम सांगणाऱ्या शहरात काहीतरी ढगावर ठेवावंच लागतं. फक्त काय ठेवलं आहे, याचं भान चालणाऱ्याला असलेलं बरं.

तोलेदोला या वाटांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवरचं हे गाव २००५पासून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर आलं. सकाळी यायचं, सोकोदोवेर चौकातून कॅथेड्रल, तिथून सांतो तोमे चर्च, वाटेत एखादी शोभेची तलवार किंवा बदामाची मिठाई घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बहुतेकांचा दौरा एवढाच. त्यामुळे एका रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो आणि दोन बोळ पलीकडे मांजरही आडवं जात नाही.

गावाची ठेवणही तशीच. ग्रॅनाइटची टेकडी, तिला तीन बाजूंनी ताहो नदीचा विळखा. (हीच नदी पुढे लिस्बनला समुद्राला मिळते, गोव्याकडे येणारी पोर्तुगीज गलबतं तिच्याच मुखातून निघत.) व्हिसिगॉथ राजांची ही राजधानी; ७११च्या आक्रमणानंतर ती मुसलमानांकडे गेली, १०८५ साली कास्तीयचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याने घेतली. १५६१मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि तोलेदो मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच टिकलं, असं म्हणायला हरकत नाही. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. १९८६ साली युनेस्कोने अख्खं जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घातलं.

चढ मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतो. म्हणून २००० साली उत्तरेकडच्या उतारात, तटाखालून नागमोडी सरकते जिने बसवले. टेकडीच्या पोटात चीर दिल्यासारखे ते ३६ मीटर वर नेऊन सोडतात. मध्ययुगीन शहरात शिरायची वाट ही अशी, विजेवर चालणारी.

सगळ्यात लोकप्रिय वाट अर्थातच एल ग्रेकोची. मूळ नाव दोमेनिकोस थिओतोकोपुलोस, जन्म १५४१, क्रीट बेटावरच्या कांदियाचा. व्हेनिस, रोम करत तो १५७७ साली तोलेदोत आला आणि १६१४मध्ये इथेच वारला. गावाने त्याला कामं दिली आणि पैशांवरून त्याच्याशी भांडणंही केली. कॅथेड्रलच्या वस्त्रागारासाठी काढलेलं ‘एल एस्पोलियो’ हे पहिल्याच वर्षांतलं चित्र. त्याच्या मोलावरून लगेच वाद झाला. पुढे हे जणू अंगवळणीच पडलं.

या वाटेवर थांबायचं ठिकाण एकच निवडायचं असेल तर सांतो तोमे. ‘ओर्गासच्या सरदाराचा दफनविधी’ हे ४८० सेंटिमीटर उंच, ३६० रुंद चित्र ज्या भिंतीसाठी काढलं, त्याच चर्चमध्ये आहे. ते तिथे कसं आलं, याची हकिगत निव्वळ कोर्टकचेरीची. ओर्गासचा सरदार गोन्सालो रुइस १३२३ साली वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की ओर्गास गावाने या चर्चला दरवर्षी दोन मेंढे, सोळा कोंबड्या, वाइनच्या दोन पखाली, जळणाचे दोन भारे आणि ८०० माराव्हेदी द्यावेत. दोनशे वर्षांहून अधिक काळ गावकऱ्यांनी ते दिलं. १५६४ साली त्यांनी हात आखडता घेतला. इतक्या जुन्या सरदाराचं देणं कोण विचारतंय, असं त्यांना वाटलं असावं. पण सांतो तोमेचा धर्मगुरू आंद्रेस नुन्येस चिवट निघाला. त्याने दावा लावला, १५६९मध्ये जिंकला, आणि पुढे सरदाराची कीर्ती पुन्हा कुणी विसरू नये म्हणून एल ग्रेकोला हे चित्र सांगितलं. करार १५८६चा.

चित्रात संत ऑगस्टिन आणि संत स्टीफन स्वर्गातून उतरून चिलखत घातलेल्या सरदाराचं कलेवर हातांवर घेतात. सरदाराचं थडगं चित्राच्या खालीच असल्यामुळे ते दोघं त्याला थेट आपल्या पायांपाशी उतरवताहेत, असा भास होतो. मागे काळ्या पोशाखातले, पांढऱ्या चुणीदार गळपट्ट्यांचे गृहस्थ ओळीने उभे. ते १३२३चे नाहीत; एल ग्रेकोच्या काळातले, रोज रस्त्यात भेटणारे तोलेदोकर आहेत. संत स्टीफनच्या जरीच्या झग्यावर त्याच्याच हौतात्म्याचा, लोक दगड मारताहेत तो प्रसंग भरतकामासारखा रंगवला आहे. डावीकडे खाली एक मुलगा आपल्याकडे बघत बोटाने तो सोहळा दाखवतो. हा चित्रकाराचा मुलगा होर्हे मानुएल. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर ग्रीक लिपीत सही आहे आणि साल १५७८. ते चित्राचं नव्हे, पोराच्या जन्माचं.

आणि पैसे? चित्राचं मोल ठरलं १२०० डुकाट. चर्चला ते फार वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा मूल्यमापन करवलं, तर आकडा निघाला १६०० डुकाट! शेवटी गाडी १२००वर येऊन थांबली.

२०१४मध्ये एल ग्रेकोच्या चारशेव्या स्मृतिवर्षात गावाने शहाणपणाचा एक निर्णय घेतला. सांताक्रूझ संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरवलं. पण जी चित्रं मूळ जागीच आहेत ती तिथेच ठेवली आणि कॅथेड्रलचं वस्त्रागार, सान होसे चॅपेल, सांतो दोमिंगो एल अंतिग्वो मठ, सांतो तोमे आणि तावेरा इस्पितळ या पाच जागा प्रदर्शनाला जोडून घेतल्या. लोकांना एका चित्राकडून दुसऱ्याकडे गाव तुडवतच जावं लागलं. चित्रकाराची वाट यापेक्षा चांगली आखता येणार नाही.

सांतो तोमेपासून उताराने दोन मिनिटं चाललं की पायाखाली फरशीत बसवलेल्या छोट्या निळ्या-पांढऱ्या टाइल दिसू लागतात. कुठे सात फांद्यांची दिवठाणी, कुठे हिब्रू अक्षरं, कुठे इबेरियाच्या द्वीपकल्पाची आकृती. इथून यहुदी वस्ती सुरू झाली. टाइल बघत चालणाऱ्याला नकाशा लागत नाही. मात्र त्या टाइल वस्तीची हद्द दाखवतात, वस्ती नाही. १३९१च्या दंगलींत इथे कत्तल झाली; १४९२च्या हुकमाने उरलेल्या यहुद्यांना धर्म सोडा किंवा देश सोडा, एवढाच पर्याय राहिला.

उरली ती दोन प्रार्थनास्थळं. सांता मारिया ला ब्लांकाचं बांधकाम साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं. पांढरेशुभ्र अष्टकोनी खांब आणि त्यांवर नालाकृती कमानींच्या रांगा. आत शिरणाऱ्याला आपण मशिदीत आलो असं वाटतं. बांधणी इस्लामी वळणाची, प्रार्थना यहुद्यांची, आणि नाव मेरीमातेचं, कारण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं चर्च झालं. दुसरं, एल त्रान्सितो, राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने १३५७च्या सुमारास बांधवलं. भिंतींवरच्या गिलाव्याच्या नक्षीत हिब्रू ओळी आहेत, अरबी अक्षरं आहेत आणि कास्तीयच्या राजाची ढालही आहे. त्या ढालीने बांधवणाऱ्याला वाचवलं नाही. काही वर्षांतच राजाची मर्जी फिरली आणि सामुएल कैदेत, छळात मेला. पुढे ही इमारत कालात्राव्हाच्या सरदारसंघाकडे गेली, नेपोलियनच्या लढायांत शिपायांची बराक झाली. आज ते सेफार्दी संग्रहालय आहे.

इथे तिकिटाची एक गंमत सांगायला हवी. तोलेदोत सात वास्तूंसाठी मिळून मनगटावर बांधायची कागदी पट्टी विकत मिळते. त्या पट्टीवर सांता मारिया ला ब्लांकात प्रवेश मिळतो, जुन्या मशिदीत मिळतो, सांतो तोमेत मिळतो. पण चार पावलांवरच्या एल त्रान्सितोत नाही. कारण साधं आहे. पट्टीतल्या वास्तू चर्चच्या मालकीच्या, एल त्रान्सितो सरकारचं. दोन सिनेगॉग एकाच दमात बघायला निघालेल्या माणसाला वाटेत मालकी बदलल्याचं तिकीटखिडकीवर कळतं.

एल त्रान्सितोला लागूनच एल ग्रेको संग्रहालय. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्केस दे ला व्हेगा-इंक्लान या हौशी सरदाराने जुनी घरं घेऊन, डागडुजी करून ‘एल ग्रेकोचं घर’ उभं केलं. एल ग्रेको त्या घरात कधी राहिलाच नव्हता. तो राहत होता जवळच, व्हियेना घराण्याच्या वाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांत, आणि तो वाडा आता नाही. त्या जागेशी सामुएल हा-लेवीचं नावही जोडलं जातं आणि काळी जादू करतो म्हणून बदनाम झालेल्या एन्रिके दे व्हियेनाचंही. संग्रहालयाखाली जुनी तळघरं आहेत. म्हणजे एका तुकड्यावर यहुद्यांची वाट, चित्रकाराची वाट, जादूटोण्याची वाट आणि भुयारांची वाट येऊन मिळते. वाटाड्या कोणता, त्यावर ते तळघर खजिन्याचं, जादूगाराचं की नुसतं जुन्या घराचं, हे ठरतं.

इस्लामी तोलेदोची वाट आखूड आहे, पण तिच्या टोकाला एक रत्न आहे. क्रिस्तो दे ला लूस ही मशीद जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. दर्शनी भिंतीवर विटांनीच कुफी अक्षरं काढून लिहिलंय की इब्न हदीदीने ती स्वखर्चाने बांधली, हिजरी ३९०च्या मुहर्रममध्ये, म्हणजे इसवी सन ९९९च्या अखेरीस. आत चार खांब, त्यांचे माथे व्हिसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले. वर छताचे नऊ चौकोन, आणि नऊही चौकोनांतल्या कमानींची गुंफण वेगवेगळी. इथे घाई करू नये. मान दुखेपर्यंत वर बघावं. बाराव्या शतकात मागे चर्चचा अर्धगोल जोडला, तोही त्याच विटांत, त्याच कमानींच्या वळणाचा. राज्य बदललं तरी काम जाणणारे हात तेच. बाहेर जमीन उकरली तेव्हा रोमन रस्ता आणि त्याखालचं गटार निघालं.

तसं तोलेदोत कुठेही उकरलं तरी काहीतरी निघतंच. घराघरांखाली विहिरी आणि गडावरच्या टाक्यांसारखी पाणी साठवायची टाकी, कुठे रोमन स्नानगृहं, कुठे अरबी हमाम. जुन्या शहराच्या जतनासाठी नेमलेल्या संस्थेने, कोन्सोर्सियोने, यांतली बरीच साफसूफ करून खुली केली आहेत. सान हिनेसच्या बोळातली ‘हर्क्युलसची गुहा’ त्यांतलीच. दंतकथा अशी की इथे एक कुलूपबंद वास्तू होती आणि गादीवर येणारा प्रत्येक राजा तिला आणखी एक कुलूप लावी. शेवटचा व्हिसिगॉथ राजा रोद्रिगो याने कुलपं तोडली. आत अरब घोडेस्वारांची चित्रं सापडली आणि ७११ साली ते स्वार खरोखरच आले. प्रत्यक्षात गुहेत काय आहे? रोमन काळातली पाण्याची टाकी. दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या माणसाला ती जागा जास्त आवडते.

पाणी हा तोलेदोचा कायमचा घोर. नदी खाली, गाव वर, मध्ये सुमारे शंभर मीटरचा चढ. क्रेमोना या इटालियन गावचा घड्याळजी हुआनेलो तुर्रियानो याने १५६९ साली यंत्र उभारून ताहोचं पाणी राजवाड्यापर्यंत, आल्काझारपर्यंत, चढवलं. काम फत्ते झालं, पण पाणी आल्काझारमध्येच मुरलं. मग नगराने पैसे देणं नाकारलं. त्याने दुसरं यंत्र बांधलं, आणखी बुडाला आणि १५८५मध्ये कफल्लक अवस्थेत मेला. यंत्र राहिलं नाही. राहिलं ते कॅथेड्रलजवळच्या एका रस्त्याचं नाव, ‘कायये देल ओम्ब्रे दे पालो’, लाकडी माणसाची गल्ली. हुआनेलोने म्हणे चालणारा लाकडी पुतळा बनवला होता, तो या रस्त्याने जाऊन भाकरी घेऊन येई!

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी वाट आखणं मात्र कठीण, कारण तिच्यावर बघायला जवळपास काहीच नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत तोलेदोत अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणि पुढे कास्तीयच्या भाषेत उतरवले गेले. क्रेमोनाचाच आणखी एक माणूस, गेरार्दो, टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ शोधत इथे आला आणि जन्मभर राहून सत्तरच्या आसपास ग्रंथ उतरवून गेला. अनेकदा दोघं मिळून काम चाले. अरबी जाणणारा यहुदी किंवा स्थानिक ख्रिस्ती मोठ्याने बोलीभाषेत सांगे, दुसरा ते लॅटिनमध्ये लिही. यासाठी वेगळी इमारत नव्हती, त्यामुळे फलक लावायला भिंतही नाही.

त्याआधी, गाव अजून मुसलमानांकडे असताना, इथला काझी साईद अल-अंदलुसी याने १०६८ साली जगातल्या ज्ञानी समाजांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात भारतीयांना पहिलं स्थान दिलं. त्याच काळात इथे अझ-झरकाली हा यंत्रकुशल ज्योतिषी काम करत होता. तोलेदोच्या नावाने युरोपभर वापरली गेलेली ग्रहगणिताची कोष्टकं या मंडळींच्या कामातून आली. त्यांत अल-ख्वारिझ्मीचा वाटा होता, आणि अल-ख्वारिझ्मीच्या मागे ब्रह्मगुप्ताचं गणित. तोलेदोतच जन्मलेला दहावा आल्फोन्सो राजपुत्र असताना, १२५१मध्ये, त्याच्या सांगण्यावरून ‘कालिला ए दिम्ना’ अरबीतून कास्तीयच्या भाषेत आलं. त्यातले दोन कोल्हे आपले जुने ओळखीचे: पंचतंत्रातले करटक आणि दमनक.

सर्व्हान्तेसला ही गंमत ठाऊक होती. त्याच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीच्या पहिल्या भागात गोष्ट ऐन लढाईत तुटते आणि निवेदकाला पुढचा भाग कुठे मिळतो, तर तोलेदोच्या अल्काना बाजारात. एक पोरगा जुनी बाडं विकत असतो, त्यांत अरबी हस्तलिखित निघतं. ते उतरवून द्यायला एक मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेला मुसलमान, मिळतो आणि त्याची मजुरी ठरते मनुके आणि गहू. आज विद्यापीठाची अनुवादक शाळा १९९४पासून गावात आहे, सांता इसाबेल चौकातल्या जुन्या वाड्यात. तिथे अरबी आणि हिब्रूवर काम चालतं.

तलवारींबद्दल थोडक्यात. तोलेदोची पाती जगप्रसिद्ध होती. भवानी तलवारीशीही हे नाव जोडणारी कथा महाराष्ट्रात ऐकू येते; ती कथा म्हणूनच घ्यावी. दुकानांतल्या तलवारी मुख्यतः भिंतीवर लावायच्या. काम बघायचं तर सोन्याची तार पोलादात ठोकून बसवणाऱ्या दमास्किनादोच्या कारागिरांपाशी थांबावं. तिसऱ्या कार्लोसच्या काळात उभारलेला नदीकाठचा शस्त्रांचा कारखाना आता विद्यापीठाचा परिसर आहे. जिथे पाती घडत तिथे पोरं परीक्षा देतात.

दिवसाची गर्दी ओसरली की रात्रीच्या फेऱ्या निघतात. दोन मठांना जोडणाऱ्या, वरून झाकलेल्या बोळांतून वाटाडे भुताखेतांच्या आणि प्रेमभंगांच्या गोष्टी सांगतात. बऱ्याचशा कवी बेकेरने एकोणिसाव्या शतकात इथे राहून लिहिलेल्या दंतकथांवर पोसलेल्या. पण रात्री तोलेदो तुडवण्याची सर्वांत बिनधास्त पद्धत १९२३ साली, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या लुइस बुन्युएलने काढली. माद्रिदच्या विद्यार्थीनिवासातल्या मित्रांना घेऊन त्याने ‘तोलेदोचा सरदारसंघ’ स्थापला. चित्रकार दाली, कवी लोर्का आणि आल्बेर्ती त्यात होते. नियम असे की तोलेदोवर बिनशर्त प्रेम करायचं आणि निदान एक अख्खी रात्र पिऊन रस्त्यांतून भटकायचं. जो लवकर झोपेल तो सरदार नाही, नुसता चाकर. मुक्काम ‘पोसादा दे ला सांग्रे’ या सोकोदोवेरजवळच्या जुनाट सराईत, जिचा संबंध सर्व्हान्तेसच्या एका कथेशी जोडला जाई. पुढे १९७०मध्ये बुन्युएलने ‘त्रिस्ताना’ चित्रपट केला, तेव्हा मूळ माद्रिदमधली कादंबरी उचलून तोलेदोत आणली.

ती सराई १९३६मध्ये गेली. यादवी युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात कर्नल मोस्कार्दोची बंडखोर शिबंदी आल्काझारमध्ये अडकली. सरकारी फौजांचा वेढा सुमारे सत्तर दिवस चालला. बंडखोरांचा सेनापती फ्रँको याने माद्रिदकडे जाणारी फौज वळवून तो उठवला, तोवर आल्काझारचा ढिगारा झाला होता. फ्रँकोच्या राजवटीने ही कहाणी दशकानुदशकं शौर्यगाथा म्हणून मिरवली, आणि म्हणूनच ती आज सहलीच्या वाटेत गुंफणं अवघड जातं. कोणत्या बाजूने चालत जायचं हा प्रश्न येतो. पुन्हा बांधलेल्या आल्काझारमध्ये २०१०पासून सैन्याचं संग्रहालय आहे. त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यांवर, प्रांताचं सार्वजनिक ग्रंथालय. तिकीट लागत नाही. बरेचसे प्रवासी संग्रहालय बघून खालूनच परततात. वर गावातले विद्यार्थी अभ्यासाला बसलेले असतात आणि तिथल्या उपाहारगृहाच्या खिडकीतून कॅथेड्रलसकट सगळी छपरं दिसतात, कॉफीच्या किमतीत.